आतोबांची थकलेली तनखा

थकलेले पैसे मागायला जाऊन उलट पदरचे पैसे देऊन येणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात एकच होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या आत्याच्या वाट्याला आला. आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, बेंबळीचे. निजामाच्या राज्यात उर्दू तिसरी शिकलेले, त्यामुळे पगाराला ते कायम तनखा म्हणत आणि तो शब्द उच्चारताना नकळत टोपी नीट करत. देवानं त्यांना जमीन दिली दीड एकर, आवाज मात्र दिला तो गावभर पुरेल एवढा. ओसरीवर बसून ते आत्याकडं हळूच पाणी मागत, तेव्हा पलीकडच्या गल्लीतली सून तांब्या भरायला उठे. त्यांना गुपित कुणी सांगतच नसे, कारण "कुणाला सांगत न्हाय" हे त्यांचं आश्वासनच वेशीपर्यंत ऐकू जाई.

या आवाजावरच त्यांना काम लागलं. निजामी जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती आणि बेंबळीहून धाराशिवकडं जाणाऱ्या सडकेवर खडी पडत होती. काम घेतलेल्या गुत्तेदारानं मजुरांची हजेरी पुकारायला आतोबांना दीड रुपया रोजानं ठेवलं. हजेरी म्हणजे काय, नाव घ्यायचं, "जी" आलं की पुढचं नाव. पण नुसतं नाव घेऊन माणसाला सोडून देणं आतोबांना अपमानाचं वाटे. "सोनाबाई, नातवाचा ताप उतरला का न्हाय?" असं ते पुकारत. मग सोनाबाई ताप सांगे, काढा सांगे, सुनेचा आळस सांगे, आणि रांगेतल्या बाकीच्या बायका आपापले काढे सुचवत. पुढचं नाव येईतो ऊन चढलेलं असे आणि शेवटचं नाव झालं की भाकरी सोडायची वेळ होई. सडक जागची हलेना. आठ आठवडे गुत्तेदारानं हे सोसलं, नवव्याच्या सोमवारी कोपरापासून हात जोडले.

काम गेलं त्याचं आतोबांना फारसं काही वाटलं नाही. घोर लागला तो आत्याला. "तुम्ही घरचेच, तुमचं एकदम देऊ" असं म्हणत गुत्तेदारानं आठ आठवड्यांत एक पैसा दिला नव्हता. अठ्ठेचाळीस रोजांचे बहात्तर रुपये. चुलीच्या धुरानं आत्याचे डोळे इतके चुरचुरत की तांदळातला खडा तिला दिसेनासा झाला होता. धूर बंद करा, नाहीतर दिसायचं बंद होईल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. बहात्तर रुपयांत तिला रॉकेलचा स्टोव्ह घ्यायचा होता. तेवढ्यावर तिचा जीव टांगलेला.

आतोबा पैसे मागायला धाराशिवला गेले. मी तेव्हा तिथं नवाच मास्तर होतो, त्यामुळे परतताना ते माझ्या खोलीवर येत आणि मला सगळा वृत्तांत कळे. पहिल्या खेपेला गुत्तेदाराच्या बायकोनं चहा दिला. "त्यांच्या घरचा चहा प्यालो, मग तोंडच उघडंना," आतोबा म्हणाले. दुसऱ्या खेपेला चहा घ्यायचा नाही असं ठरवून गेले, तर तिथं कपाट हलवायला माणूस कमी पडत होता. तिसऱ्या खेपेला दारातच कळलं की गुत्तेदाराच्या लेकीचं लग्न ठरलं. आतोबा तसेच बाजारात गेले, एस. टी.च्या पैशांतून पावशेर पेढे आणले, पोरीच्या हातावर ठेवले आणि बेंबळीला चालत गेले. आत्यानं कपाळाला हात लावला. "अवो, तुम्ही तनखा आणायला जाताव का द्यायला?"

लग्नाचं बोलावणं दोघांना आलं, मलाही आलं. सडकेवरचे सगळे मजूर होते. जेवणं उरकली, आहेर पुकारायची वेळ झाली आणि भाड्यानं आणलेला कर्णा घुर्र करून गप्प बसला. गुत्तेदाराची बायको म्हणाली, "त्या बेंबळीकरांना उभं करा की." झालं. आतोबा चौरंगावर चढले आणि मांडवात आनंदीआनंद झाला. "भूमच्या मामांकडून अकरा रुपये. मामा, गुडघा कसा हाय?" "वाशीच्या चुलत्यांकडून भांडं. चुलते, बैल घावला का?" आहेर देणारे देऊन झाल्यावरही हलेनात, उत्तरं देत उभे राहिले. लोक डोळे पुसून पुसून हसत होते.

शेवटी राहिले ते स्वतः. खिशात जाण्यापुरतं भाडं. मी आयुष्यात पहिल्यांदाच आतोबांना अडखळताना पाहिलं. मग त्यांनी टोपी नीट केली आणि पुकारलं, "बेंबळीकरांकडून नवरीला बहात्तर रुपये. माझी तनखा नवरीच्या वडिलांकडं जमा हाय, ती त्यांनी लेकीला पोचती करावी."

मग मागून सोनाबाई उठली. "माझं बी तीन रुपये तिथंच हायती, लिवा." तिच्यामागं एक खडीवाला उठला, मग दुसरा, आणि बघता बघता गुत्तेदारानं बुडवलेले सगळे रोज आहेरात निघाले. आतोबा प्रत्येकाचं नाव मानानं पुकारत होते. व्याही आ वासून बघत होते. गुत्तेदार घामानं निथळला, आत गेला, पेटी घेऊन आला आणि तिथल्या तिथं एकेकाच्या हातावर रक्कम ठेवू लागला. मजुरांनी निमूट घेतली. आतोबांनी मात्र हात मागं घेतले.

"दिलेला आहेर माघारी घेत न्हाईत."

आत्या लाल डोळ्यांनी नुसती नोटांकडं बघत राहिली. ते बघून मला आतोबांचा मनापासून राग आला. पण नवरीनंही ते पाहिलं होतं. तिनं खण-नारळ मागवला, त्यात बहात्तर रुपये ठेवले आणि आत्याची ओटी भरली. "काकू, आहेर मला पोचला. ही तुमची ओटी, हिला न्हाय म्हणता येत न्हाय." पुढच्या आठवड्यात स्टोव्ह घरी आला. आत्या त्याला भ्यायची, म्हणून पंप रोज आतोबाच मारत.

बेंबळीकरांनी गुत्तेदाराला भर मांडवात कसा गाठला, ही गोष्ट पंचक्रोशीत झाली. मी स्वतः ती वर्गावर, पारावर, सासुरवाडीला रंगवून सांगितली. फार वर्षांनी, आत्या गेल्यानंतर, मी त्यांना सहज विचारलं, "आतोबा, ही युक्ती सुचली कशी?"

"तू बी तसंच समजतूस व्हय? लोकांना काय सांगावं, म्हणून गप बसलो. अरं, पोरीचं लग्न व्हतं. मोकळ्या हातानं कसं उभं ऱ्हायचं? माझ्याजवळ दुसरं काय व्हतं द्यायला?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावानं त्यांना उभ्या जन्मात एकदाच हुशार म्हटलं होतं, आणि ते बोल हा माणूस इतकी वर्षं मुकाट सोसत आला होता.