दोन टिंबे आणि एक रेघ

तहसील कचेरीच्या आवारात उंडीच्या झाडाखाली माझे अर्जलेखनाचे मेज आहे. माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले. परंतु ज्यांनी पदव्या मिळवल्या, त्यांचेही अर्ज माझ्याच हातून शुद्ध होऊन आत गेलेले आहेत. माझ्या कागदावर खाडाखोड नसते. हे आत्मस्तुती म्हणून नव्हे, पुढील हकिगतीस आवश्यक म्हणून नमूद करतो.

दोन हजार पाच साली, मासळी सुकत घालण्याच्या दिवसांत, लोक माझ्या मेजापाशी थांबू लागले. मला बरे वाटले. पण ते विचारत, "रायटरानू, विमान खंय आसा?"

विमान वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आंब्याच्या वखारीत होते. दोन माणसांचे, कापडी पंखांचे, तीन चाकांचे ते जुने यंत्र बंगळूरकडून ट्रकमधून आले होते. आणणारा माझा शाळासोबती. इंग्रजीत तो दोनदा नापास झाला. त्याचे निबंध मी लिहून देत असे. पुढे तो बोटीवर गेला, सोळा वर्षांनी परतला, आणि आता विमान उडवण्याचे रीतसर शिक्षण घेऊन आला होता. वर्गात माझा नंबर वर, त्याचा खाली. आणि आता साऱ्या तालुक्याच्या माना त्याच्यासाठी वर होणार होत्या. हा हिशोब मला कोणत्याही रीतीने सुटत नव्हता.

एके दिवशी तो स्वतः मेजापाशी आला. "वजन करूचा आसा. येतंस मा?"

"माझो काय संबंध?"

"संबंध कसो नाय? वजनदार माणूस होयो, म्हणान तुझ्याकडे इलंय!"

शेजारचा चहावाला मोठ्याने हसला. मी हसलो नाही, पण गेलो.

विमानातली बैठक आणि तेलाची टाकी बदलली होती, त्यामुळे त्याचा तोल नव्याने तपासणे भाग होते. रीत त्याने मला समजावली. प्रत्येक चाकाखाली एक काटा ठेवायचा. काट्यावरचे वजन आणि पंखाच्या पुढच्या कडेपासून त्या चाकाचे अंतर यांचा गुणाकार करायचा. सर्वांच्या बेरजेला एकूण वजनाने भागले की तोल नेमका कुठे पडतो ते कळते. एक काटा कसालच्या काजू कारखान्यातून आला होता, दुसरा मासळीच्या लिलावातला, तिसरा रेशन दुकानातला. ते एकमेकांशी जुळतात की नाही हे पाहण्यासाठी तिन्हींवर आळीपाळीने मला उभे करण्यात आले. मग तो स्वतः चालकाच्या जागी बसला आणि मला शेजारी बसवले. "हलू नको. श्वास सोडलंस तरी काटो हलता."

आयुष्यात प्रथमच विमानात बसलो, तो पोत्याच्या हुद्द्यावर.

काटे वाचायला त्याचा चुलता होता. तो म्हातारा तांडेल, चाळीस वर्षे होडी हाकलेला. त्याने वाचलेले आकडे मी खाली उतरून लिहून घेतले. विमान विकणाऱ्याने चाकांची अंतरे एका कळकट चिठोऱ्यावर लिहून दिली होती. त्यावरून मी स्वच्छ मराठीत तक्ता केला, 'पुढचे चाक :- १२०', 'डावे चाक :- ६०', 'उजवे चाक :- ६०', आणि खाली रेघ ओढली.

त्याने माझ्या तक्त्यावरून गुणाकार केले आणि त्याचा चेहरा उतरला. "शेपटेक जड येता. लय जड."

मला आतून गार वाटले. खोटे कशाला लिहू?

"मगे नाकात नीरम घाल," तांडेल म्हणाला. होडीचा तोल राखायला तळाशी जे ओझे ठेवतात, ते नीरम. लगेच वाळूचे पोते आणून विमानाच्या नाकात बांधले. मग म्हातारा मागे सरून बघत राहिला. "पण रे, शेपटेक इतक्या जड, तर मघाशी ह्या शेपटेर कसा नाय बसला? नाक तर खालीच होता."

"काका, कागद खोटो सांगतलो काय? ह्याचो कागद आसा तो. ह्याच्यासारखो कागद तालुक्यात कोण करता?"

इतक्या वर्षांत त्याने माझी केलेली ही पहिली स्तुती.

मूळ कागद मी नेहमी स्वतःजवळ ठेवतो. संध्याकाळी तो चिठोरा उघडला. पुढच्या चाकासमोर नुसती रेघ होती. मागच्या दोन चाकांसमोर रेघच नव्हती. नुसती रेघ म्हणजे अर्धवट लेखन, असे समजून तिच्या आधी दोन टिंबे मी पदरची घातली होती आणि सारखेपणासाठी बाकीच्यांनाही टिंबे आणि रेघ देऊन टाकली होती. ती रेघ म्हणजे उणे चिन्ह होते. पुढचे चाक पंखाच्या कडेच्या पुढे; म्हणून ते उणे. आठवीपर्यंत उणे मलाही शिकवले होते.

विमान शेपटीला जड नव्हतेच. आता मात्र ते नाकाला जड झाले होते.

मी चिठोरा घडी घालून ठेवला. रविवारी तो उडवणार होता. उठलेच नाही तर? सारा गाव हसेल, विमान पुन्हा ट्रकमध्ये चढेल, आणि माझ्या मेजापाशी लोक पुन्हा अर्जासाठी थांबतील. हे चित्र मी जेवताना तीन वेळा पाहिले. चौथ्या वेळी मात्र विमान उठले, आणि नाक जड असल्यामुळे त्याला खाली नीट टेकता येईना. ताट तसेच सरकवून उठलो.

शनिवारी सकाळीच सडा चढलो. तो चाकांत हवा भरत होता. मी तक्ता मागून घेतला, पुढच्या चाकासमोरची दोन टिंबे लाल शाईने खोडली आणि बाजूला सही केली.

"सही कित्याक?"

"खाडाखोड केली तर सही करूची लागता. नियम आसा. ही रेघ उण्याची. चूक माझी."

त्याने सगळे पुन्हा मांडले. बेरीज झाल्यावर तो उठला आणि पोते सोडू लागला. गाठ घट्ट बसली होती; दुसरे टोक मी धरले. तांडेल कट्ट्यावर बसून म्हणाला, "रायटरानू, होडयेक सही लागत नाय, ता बरा आसा."

रविवारी विमान उडाले. माणसे टाळ्या पिटत होती. माझ्या पोटात दुखायचे ते दुखलेच. ते त्या पोत्याबरोबर उतरले नव्हते. खाली आल्यावर त्याने शेजारच्या जागेवर थाप मारली. "ये रे. तुझा वजन तक्त्यात धरलेलाच आसा."

मी म्हणालो, कचेरीत माणसे खोळंबली आहेत.

रविवार होता, कचेरी बंद होती. हे त्यालाही ठाऊक होते.