मानवी हक्क दिनाचं औक्षण

मानवी हक्क कोणी कोणाला देत नसतं. ते माणसाला जन्मतःच मिळालेले असतात. हे वाक्य सदर भागातल्या आमच्या कॉलेजच्या फळ्यावर मीच रंगीत खडूने लिहिलं होतं. आणीबाणी चालू होती आणि मानवी हक्क दिन साजरा करावा असं वरून परिपत्रक आलं होतं.

प्राचार्यांनी प्रमुख पाहुणे म्हणून एका बड्या अधिकाऱ्याला बोलावलं. स्थानबद्धांना भेटायची परवानगी याच साहेबांच्या सहीने मिळे. आमच्या भूगोलाच्या बाईंचा नवरा, उमरेडच्या विणकरांचा पुढारी, पावसाळ्यापासून तुरुंगात होता. आरोप नाही, खटला नाही. त्याला दमा होता. औषध पोचतं की नाही तेही बाईंना कळत नव्हतं. अर्जांना उत्तर नव्हतं.

औक्षणाला सुवासिनी हवी. आमच्याकडे बाया तिघीच. एक अविवाहित, एक विधवा, उरल्या भूगोलाच्या बाई. नवरा तुरुंगात असला तरी सुवासिनीपण अबाधित राहतं. प्राचार्यांनी त्यापलीकडे विचार केला नाही.

बाईंनी साहेबांना कुंकू लावलं, निरांजन ओवाळलं. नेहमीचे तीन फेरे झाले. तबक थांबेना. ओवाळणं चालू असताना पाहुण्याने सरकायचं कसं?

"साहेब, माझ्या अर्जाचं काय झालं?" बाईंनी हळूच विचारलं. मी माईकपाशी होतो. मी तो तळहाताने झाकला.

"ऑफिसात या."

"आले होते. दारावरूनच परत पाठवतात."

"काहून गा, किती ओवाळून राहिल्या?" शेजारचे इतिहासाचे प्राध्यापक पुटपुटले. "साहेबाले आज देव्हाऱ्यात बसवतात का?"

"झालं नं बाई, पुरे करा!" प्राचार्य दातांतून म्हणाले.

दाराशी उभा असलेला साध्या वेशातला पोलीस पुढे निघाला. बाईंचा हात फिरतच होता. तेवढ्यात मागच्या बाकांवरून टाळ्या सुरू झाल्या. पोरांना वाटलं, हा जास्तीचा मान आहे. पोलीस मधल्या वाटेत अडखळून थांबला.

"उद्या सही करतो," साहेब ओठ न हलवता म्हणाले.

बाईंनी तबक खाली ठेवलं. साहेब मग जन्मसिद्ध हक्कांवर तासभर बोलले.

भेट मिळाली. नवरा वाळला होता. औषध पोचत नव्हतंच. बाईंनी ते त्याच्या हातात दिलं.

पुढच्या वर्षी कॉलेजने औक्षण बंद केलं. पाहुण्यांना पुष्पगुच्छ देण्याची पद्धत सुरू झाली, आणि तो देण्याचं काम शिपायाकडे सोपवण्यात आलं.