चिठ्ठी काढणारा हात

पितळेच्या तांब्यात घडी घातलेले दोन कागद हलवले की एक आवाज होतो. कोरडा, दबका, जरासा चोरटा. तुम्ही तो कधी ऐकला नसेल तर भाग्यवान आहात. मी तो वयाच्या सातव्या वर्षी ऐकला, आणि आज साठी उलटल्यावरही पर्समध्ये एखादं जुनं तिकीट चुरगळलं की माझ्या उजव्या तळहाताला घाम सुटतो.

तांब्या चिंचेनं घासून लख्ख केलेला होता. आतून तो अजून ओलसर होता आणि त्याला चिंचेचा आंबूस वास येत होता. समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावरच्या आमच्या घराच्या ओटीवर काका आणि बाबा समोरासमोर बसले होते, मध्ये तो तांब्या, आणि तांब्यापुढे परकर-पोलक्यातली मी. भावाभावांत नारळी-पोफळीच्या वाडीची वाटणी व्हायची तर चिठ्ठ्या टाकायच्या, आणि चिठ्ठी काढायची ती घरातल्या लहान मुलाच्या हातानं, ही आमच्याकडची रीत. निष्पाप हात, निर्मळ हात, देवाचा हात! केवढी विशेषणं त्या इवल्याशा हाताला! एका चिठ्ठीवर 'वरची वाडी' लिहिलेलं होतं, दुसरीवर 'खालची वाडी'. वरच्या वाडीत गोड्या पाण्याची विहीर. खालची पुळणीला, किनाऱ्याच्या वाळूला लागून. तिथल्या विहिरीचं पाणी चैत्र सरता सरता खारं होऊन जायचं. पहिली चिठ्ठी थोरल्याची, म्हणजे काकांची, असं ठरलं होतं. मी हात घातला, बोटांना लागली ती घडी वर काढली आणि काकांना दिली. त्यांनी ती उलगडून वाचली, "वरची." तांब्यात उरलेली चिठ्ठी उघडून बघायचीही गरज कुणाला पडली नाही.

आई माजघराच्या दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "कार्टे, दुसरी सापडली नाही का तुला?"

मला त्या क्षणी त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, काम नीट केल्याबद्दल खोबऱ्याची वडी मिळेल. ती मिळालीही, काकूकडून. त्या वडीचा गोडवा जिभेवर किती काळ टिकला असेल? उन्हाळा लागेपर्यंत. वैशाखात आमची विहीर खारी झाली, पोफळींचे शेंडे पिवळे पडू लागले, आणि आई हंडा घेऊन दिराच्या विहिरीवर पाण्याला निघाली. ज्या घरात ती मानानं नांदली होती, त्याच घरच्या लोकांना "जरा पाणी भरू का?" असं तिला विचारावं लागे. जाताना ती मला बरोबर न्यायची. भरलेली कळशी माझ्या हातात द्यायची आणि वाटेत भेटेल त्या बाईला सांगायची, "हिच्या हातानं आलंय हे." शब्दांत राग नसायचा. पाऊस कुठल्या दिशेनं येतो हे सांगावं तशी ती ते सांगायची, आणि म्हणूनच ते खरं वाटायचं.

हळूहळू माझ्या हाताला घरात मनाई होत गेली. मांडवाखाली पडवळाचं बी टोचायचं असलं की आई म्हणे, "तू नको गं, दादाला हाक मार." दुधाला विरजण लावायचं तर तेही मी लावायचं नाही, दही धरत नाही म्हणे. धरत नाही हे कुणी पाहिलं होतं? मला कधी लावूच दिलं नव्हतं! पण असा प्रश्न विचारण्याइतकं गणित मला तेव्हा येत नव्हतं, आणि आईला ते कधीच नको होतं. मी त्या हाताकडे परक्यासारखी बघत मोठी झाले. पुस्तकांना हात लावायला मात्र कुणाची हरकत नव्हती, म्हणून मी पुस्तकांना हात लावला आणि गणिताची शिक्षिका झाले.

नियतीला विनोदबुद्धी असते असं मी म्हणणार नाही, कारण नियती नावाचं काही असतं हे मी मानत नाही. पण बोर्ली पंचतनच्या पलीकडल्या एका शाळेत मी तीसएक वर्षं दहावीला बीजगणित शिकवलं, आणि त्यात संभाव्यता नावाचं एक प्रकरण होतं, आणि त्या प्रकरणात पानोपानी कुणी ना कुणी चिठ्ठी काढत होतं. पिशवीतून चेंडू, खोक्यातून कार्ड, बरणीतून चिठ्ठी. न पाहता काढली, असं प्रत्येक उदाहरणात बजावून सांगितलेलं. मीही न पाहताच काढली होती हो! यादृच्छिक प्रयोग म्हणजे ज्याचे सगळे संभाव्य निकाल आधी ठाऊक असतात, पण त्यातला कुठला येईल हे कुणालाही सांगता येत नाही, असा प्रयोग. त्या सगळ्या निकालांचा संच म्हणजे नमुना अवकाश. नाण्याला काल काय पडलं हे आठवत नाही. फाशाला कुणाबद्दल आकस नसतो. खडूनं बरबटलेला तोच उजवा हात उंचावून मी हे दरवर्षी शिकवत असे आणि मुलं वहीत उतरवून घेत असत.

एकदा शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात मी फळ्यावर आमच्या वाटणीचं उदाहरण मांडलं. दोन भाऊ, दोन वाड्या. काकांना वरची, बाबांना खालची, हा एक निकाल. काकांना खालची, बाबांना वरची, हा दुसरा. नमुना अवकाशात घटक दोन. बाबांना खालची मिळण्याची संभाव्यता एक छेद दोन. इथपर्यंत ठीक. मग मी दुसरी घटना लिहिली: दोघांपैकी कुणाला तरी खारी विहीर मिळणे. दोनातले दोन्ही निकाल तिला अनुकूल. म्हणजे संभाव्यता एक, निश्चित घटना. चिठ्ठीनं न्याय होतो असं आपण समजतो, पण अन्याय तर ओटीवर बसायच्या आधीच ठरलेला असतो. तो कुणाच्या पदरात घालायचा एवढंच चिठ्ठी सांगते. समान संधी दिली म्हणून वाटे समान होत नाहीत. मोठ्या माणसांना हे समजत नसेल का? समजत असणारच. म्हणून तर त्यांना दुसऱ्याचा हात लागतो, आणि तोही असा की ज्याला उलट बोलता येत नाही.

आणखी एक उदाहरण मला दरवर्षी नकोसं व्हायचं. पिशवीत तीन लाल आणि दोन पांढरे चेंडू आहेत, तर निळा चेंडू निघण्याची संभाव्यता किती? वर्ग एका सुरात ओरडायचा, शून्य! एका वर्षी बंदरावरून येणारी एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "पन बाई, निळा टाकलाच न्हाय, तर मंग इचारायचा कशाला?" सगळे हसले. मीही हसले, आणि मग फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उगाच फळा पुसत राहिले. कारण मला एकदम दिसलं, की त्या तांब्यात माझ्या नावाचं काहीच कधी टाकलेलं नव्हतं. पुढे कायद्यानं मुलीचं नाव सातबाऱ्यावर आलं, तेव्हा आईनंच मला हक्क सोडल्याच्या कागदावर सही करायला बसवलं. सही करताना तिला माझा उजवा हात बरोबर चालला.

शेवटच्या दोन वर्षांत आईची स्मृती गेली. मी निवृत्त झाले होते, मागे संसार नव्हता. तिचं करायला मीच राहिले. माणसं तिच्या मनातून एकेक करून निघून गेली, बाबा गेले, दादा गेला, मी तर कधी मावशी होत असे, कधी शेजारीण. मला वाईट वाटत होतं, पण खोटं कशाला बोलू, एक आशाही होती. सगळंच पुसलं जातंय, तर तेही पुसलं जाईल! एका दुपारी मी तिला मऊभात भरवत होते. तिनं माझं मनगट धरलं, तळहात उताणा केला, आपल्या सुरकुतल्या बोटानं त्याच्यावरून रेघ ओढली आणि अगदी लहान मुलीच्या कुतूहलानं विचारलं, "हाच ना गं तो हात?"

मी म्हटलं, "हो आई, हाच. आता घास घे." तिनं घास घेतला.

तिचं वर्षश्राद्ध झालं आणि या फाल्गुनात माझ्या दोन्ही भावांनी खालच्या वाडीची वाटणी काढली. मागच्या चक्रीवादळात दक्षिणेकडची पोफळीची बाग सपशेल आडवी झाली होती. उत्तरेकडची उभी होती. दोन्हींतलं अर्धं-अर्धं घ्या, असं मी सुचवून पाहिलं, पण वाडी चिंचोळी, मग वाट कुणाच्या हद्दीतून न्यायची यावर आठ दिवस तंटा झाला. शेवटी ठरलं, चिठ्ठ्या टाकायच्या. तोच तांब्या माळ्यावरून खाली आला. चिंचेनं घासला गेला. त्याच ओटीवर विनायकदादा आणि सुधीर समोरासमोर बसले, आणि वहिनीनं हाक मारली, "ओवी, ये गो बाय, हात घाल."

ओवी दादाची नात, सहा वर्षांची. ती नाचतच आली. वहिनीनं तांब्या हलवला, आणि तो आवाज झाला.

मी म्हटलं, "थांबा." स्वयंपाकघरात गेले आणि दूध तापवायचं पसरट पातेलं घेऊन आले. तांब्या त्यात उपडा केला. चिठ्ठ्या अरुंद तोंडाशी अडकल्या; बुडावर थापट्या मारल्या तेव्हा पडल्या. म्हटलं, "तांब्याचं तोंड अरुंद, म्हणून पोराचा हात लागायचा. यात तुमचे हात मावतात. ज्याची त्यानं काढा." पातेलं तर त्या दिवशीही घरात होतंच की! पन्नासहून अधिक वर्षांत ते आणायचं कुणालाच, अगदी मलासुद्धा, सुचलं नव्हतं.

दादा म्हणाला, "अगं, रीत आहे ती." सुधीर म्हणाला, "ताई, लहान हातानं काढलं की मागाहून कुणाच्या मनात काही राहत नाही."

कुणाच्या मनात काही राहत नाही! हे तो मला सांगत होता. मी त्या दोघांकडे पाहत राहिले. दोन पुरुष, चार हात, आणि पातेलं वीतभर अंतरावर. एकाचाही हात मांडीवरून उचलला गेला नाही. दादानं तर ओवीकडे पाहून मानेनं खूण केली, आणि ती पुढे सरकली. तेव्हा तिच्या आधी मी हात घातला. ज्याची बदनामी आधीच होऊन गेली आहे असा एक हात घरात असताना दुसरा कशाला हवा? मी एक चिठ्ठी उचलून दादाच्या पुढ्यात टाकली.

कुणाला काय मिळालं ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते विचारणं म्हणजे पुन्हा त्याच ओटीवर येऊन बसणं. एकाला पडलेली बाजू मिळणार हे निश्चितच होतं. नंतर कुणीतरी माझ्या हाताकडे बघेल हेही निश्चित होतं. त्या बघण्याला पाच मिनिटंही लागली नाहीत. "हात तोच ना वन्सं," वहिनी तांब्या उचलता उचलता म्हणाली, "दुसरं काय येणार!" खूप राग आला. रडूही आलं. दोन्ही मी गिळलं आणि त्या दोन चिठ्ठ्या मुठीत चुरगळल्या. कोरडा, दबका तोच आवाज झाला.

ओवी तोंड फुगवून खांबाशी उभी होती. तांब्या घासून उरलेली चिंच ती चोखत होती. "आत्याआजी, मला का नाही काढू दिली?"

मी म्हटलं, "तुझे हात चिकट होते ना, म्हणून."

तिला ते पटलं. ती मागीलदारी पाण्याच्या दगडी दोणीवर गेली, खळखळून हात धुतले आणि धावत येऊन दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. मी ते उलटसुलट करून नीट पाहिले. स्वच्छ होते.