होडीतली मागची जागा

लग्न झाल्यापासून हिल्का होडीत पुढे बसत आली होती. पुढे बसणाऱ्याने वल्हं मारायचं, एवढंच काम. होडी कुठे वळवायची, कोणत्या बेटाच्या कडेने काढायची, वारा सुटला तर कुठल्या आडोशाला थांबायचं, हे सगळं मागे बसणाऱ्याचं. आणि मागे कायम ताउनो. सायमा सरोवराच्या पाण्यावर ओंडक्यांचे तराफे ओढणाऱ्या बोटीवर त्याचा जन्म गेलेला. बेटं, बेटांमागे बेटं, मधूनच पाण्यात घुसलेली जमीन, असल्या त्या भुलभुलैयात त्याला नकाशा लागत नसे. हिल्काने कधी मान वळवून विचारलंच, "आता आपण कुठे आहोत?" तर तो म्हणायचा, "पाण्यावर."

दर ऑगस्टला दोघं हौकिसारी बेटावर जात. तिथल्या खडकावर तंबू टाकत, जाळ्यात सापडलेले छोटे मासे लोण्यात तळत, आणि फार काही न बोलता परत येत. दुधाच्या डेअरीत वर्षभर पनीर दाबून दाबून हिल्काचे खांदे भरून यायचे, ते तिथे मोकळे व्हायचे.

एका मार्चमध्ये ताउनोच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. दवाखान्यातून तो घरी आला तेव्हा पाय चालत होते, उजवा हात ठणठणीत होता, डावाही हळूहळू कामाला लागला. पण डावीकडचं जग गेलं ते गेलंच. ताटातले उजव्या बाजूचे बटाटे संपवून तो म्हणायचा, "बस, एवढेच?" हिल्का ताट फिरवून ठेवायची. त्याहून वाईट म्हणजे त्याच्या डोक्यातल्या वाटाच पुसल्या गेल्या. अंगणापलीकडच्या सौनात, वाफेच्या न्हाणीघरात, अंघोळीला म्हणून निघालेला माणूस सरपणाच्या खोपटापुढे टॉवेल घेऊन उभा असायचा. नुसता वळून परत यायचा.

मे महिन्यात एक शहरी माणूस दारात आला. हिल्काचे हात राय धान्याच्या पिठात कोपरापर्यंत बुडालेले होते.

"होडी बघायला आलोय," तो म्हणाला. "दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी पाहिली."

"बघा. बघून झाली की निघा."

"विकायची आहे ना?"

"चिठ्ठी लिहिणाऱ्याला हल्ली सगळं अर्धंच दिसतं. दुसरी अर्धी होडी माझी आहे. ती विकायची नाही."

तो माणूस गेल्यावर ती तशाच पिठाळ हातांनी ओसरीवर आली. ताउनो बाकावर बसला होता.

"मला विचारायचंस तरी."

"काय विचारायचं त्यात? नेणार कोण तिला आता?"

"मी."

मार्चनंतर पहिल्यांदाच ताउनो हसला. "तू? अगं, हौकिसारी कुठल्या अंगाला आहे ते तरी दाखव."

हिल्काने हात वर करून दाखवलं.

"तो पेंत्तीचा गोठा आहे," ताउनो म्हणाला.

तिला राग आला तो त्याच्या हसण्याचा नव्हे. इतकी वर्षं त्या बेटावर जाऊन आपल्याला त्याची दिशासुद्धा ठाऊक नाही, याचा. ती आत गेली, पीठ मळून पूर्ण केलं, आणि हात धुऊन तालुक्याच्या प्रौढशाळेला फोन लावला.

तिथे जूनपासून होडी चालवण्याचा वर्ग होता. शिकवणारी रोन्या हिवाळ्यात शाळेत खेळ शिकवणारी, हिल्काच्या मुलीच्या वयाची. वर्गातले बाकीचे सगळे कॉलेजची पोरं. पहिल्या दिवशी हिल्का मागच्या जागेवर बसली आणि होडी तिथल्या तिथे गोल फिरू लागली. उजवीकडे वल्हं मारलं की नाक डावीकडे, बाजू बदलली की उजवीकडे. पोरं तोंडं फिरवून हसत होती.

"तू जोर लावतेयस," रोन्या म्हणाली. "तो तुला कुणी मागितलेला नाही. वल्हं मागे आलं की अंगठा खाली वळव आणि पाणी थोडं बाहेर ढकल. दार लोटतेस तसं."

"इतकी वर्षं मी जोरच लावत आले."

"ते पुढे बसून. आता मागे आहेस."

मनगट वळवायला शिकण्यात सगळा जून गेला. मग रोन्याने सगळ्यांना मुद्दाम होड्या उलटवायला लावल्या. पाणी असं गार, की श्वास छातीतच अडकला. उलटलेल्या होडीला धरून राहायचं, ती सोडून पोहत सुटायचं नाही, एकमेकांना हाका मारत राहायच्या. हिल्काला ते पाच वेळा करावं लागलं, कारण तिच्या जोडीचा पोरगा दर वेळी होडी सोडून किनाऱ्याकडे पळायचा. शेवटी तिने त्याची कॉलर धरली. "इथेच मर," ती म्हणाली, "पण होडी धरून."

जुलैच्या अखेरीस ती पहिल्यांदा एकटीने निघाली. नकाशा गुडघ्यांवर, होकायंत्र गळ्यात. दोन बेटं ओलांडून तिसऱ्याला वळसा घालायचा आणि घरी यायचं. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेटाच्या मध्ये नकाशात नसलेलं एक बेट उगवलं. म्हणजे तिला तसं वाटलं. तिने त्याला डावीकडून वळसा घातला, मग उजवीकडून, आणि शेवटी एका अनोळखी धक्क्याशी येऊन थांबली. तेवढ्यात धक्क्यावरच्या सौनाचं दार उघडलं आणि एक म्हातारा वाफाळत बाहेर आला. त्याच्या अंगावर चिंधीसुद्धा नव्हती.

"नमस्कार," हिल्का आकाशाकडे बघत म्हणाली. "मी कुठे आहे?"

"माझ्या धक्क्यावर," म्हातारा म्हणाला, आणि शांतपणे पाण्यात उतरला. गळ्यापर्यंत बुडाल्यावर त्याने विचारलं, "जायचंय कुठे?"

"लेप्पालाहतीला. घरी."

"मग ते तुझ्या पाठीमागे आहे. बेटाच्या पलीकडच्या बाजूने आलीस तू. ताउनोची बायको ना? त्याला नमस्कार सांग."

तिने नमस्कार सांगितला नाही. पण गाव लहान. आठवड्याच्या आत गोष्ट ताउनोपर्यंत पोचली. जेवताना तो म्हणाला, "ऐकलं, लोकांच्या सौना तपासत फिरतेस म्हणे."

"सगळ्या स्वच्छ आहेत," हिल्का म्हणाली आणि त्याचं ताट फिरवलं.

त्या ऑगस्टला ते हौकिसारीला गेले नाहीत. हिल्कानेच नाही म्हटलं. "मला अजून येत नाही," एवढंच तिने सांगितलं.

चुकलं कुठे, ते तिने रोन्याला विचारलं होतं. रोन्याने तिच्यापुढे नकाशा पसरला. "तू नकाशा वाचतेस, मग तो खाली ठेवतेस, मग वल्हवतेस, आणि मग परत नकाशात स्वतःला शोधत बसतेस. हरवतेस ती मधल्या वेळात. जिथे आहेस तिथे अंगठा ठेव. पुढे गेलीस की अंगठा पुढे सरकव. आणि नकाशा स्वतःकडे धरू नकोस, जमिनीकडे धर. तू वळलीस की तो फिरला पाहिजे."

डिसेंबरात पाणी गोठलं, आणि हिल्काला शाळा सापडली. डेअरीतून सुटली की ती पायाला स्की बांधायची आणि सरोवरावर जायची. तीच बेटं, त्याच चिंचोळ्या वाटा. पण बर्फावर थांबता येतं. लाट नाही, वारा होडी फिरवत नाही, आणि चुकलं तर आपल्याच खुणांवरून मागे येता येतं. कपाळावर दिवा बांधून, हातमोज्यातून अंगठा बाहेर काढून तो नकाशावर सरकवत ती हिंडायची. अंगठ्याचं टोक पांढरं पडायचं. बेट लांबून कसं दिसतं आणि जवळून कसं, दोन बेटं एकमेकांत मिसळून एक कशी होतात, आणि थोडं बाजूला सरकलं की पुन्हा फुटून दोन कशी होतात, हे तिला त्या हिवाळ्यात कळलं. जुलैतलं ते नकाशात नसलेलं बेट तिने फेब्रुवारीत शोधून काढलं. ते बेट नव्हतंच, मुख्य जमिनीचं टोक होतं.

एका रविवारी रोन्याही स्कीवर सोबत आली. मोठं पाणी ओलांडताना, म्हणजे आता बर्फच, ती म्हणाली, "समोर नीट दिसत नसेल तेव्हा थेट मुक्कामावर नेम धरू नकोस. चुकलीस तर कुठल्या बाजूला चुकलीस ते कळणार नाही. मुद्दाम एका बाजूला चूक. चांगली ढळढळीत चूक. मग किनारा लागला की कुठे वळायचं ते पक्कं ठाऊक असतं."

हिल्काने ते घोकलं. घरी येऊन बर्फात चार-पाच वेळा करून पाहिलं.

पुढच्या ऑगस्टमध्ये तिने होडी पाण्यात लोटली आणि ताउनोला म्हणाली, "बस."

तो सवयीने मागे गेला. तिने मागच्या फळीवर आधीच सामानाची पिशवी ठेवली होती. ताउनो पिशवीकडे बघत राहिला, मग हिल्काकडे. मग पुढे जाऊन बसला, आणि उजव्या बाजूला वल्हं घातलं.

सगळी वाट तो हुकूम सोडत होता. "उजवीकडे घे. अजून उजवीकडे." हिल्का हूं म्हणायची आणि अंगठा सरकवायची. दुपार कलायच्या आत समोर हौकिसारीचा खडक आला. ताउनोने तो ओळखला नाही. होडी त्याला घासल्यावर, हात लावल्यावर ओळखला. बराच वेळ तो खडकावर तळवा टेकून बसला होता.

तंबू कुठे टाकायचा यावरून पहिलं भांडण झालं. नेहमीची जागा म्हणजे पांढऱ्या दगडफुलाची मऊ गादी. त्यावर तंबूखाली दबून मोठा उघडा चट्टा पडला होता. इतक्या वर्षांत तिथे काही उगवलं नव्हतं. शेजारच्या भूर्जाच्या खोडावर ताउनोने चूल पेटवायला साली सोलल्या होत्या, तिथे काळं कडं. आणि जिथे ते जाळ करायचे तिथला खडक उकलून त्याचे पापुद्रे सुटले होते. हिल्काला हे दर वर्षी दिसत असणार, पण दिसलं नव्हतं. तिने तंबू पलीकडे, पाइनच्या वाळल्या सुयांवर टाकला.

"तिथे पाठीला खडे टोचतील," ताउनो म्हणाला.

"टोचू देत."

"मग कॉफीपुरता जाळ तरी कर."

"वणव्याचा इशारा आहे. सकाळी रेडिओवर ऐकलास."

"खडकावर कसला आलाय वणवा?"

"खडकाच्या फटीत माती असते, ती आतून धुमसते. स्पिरिटच्या शेगडीवर करते."

"शेगडीची कॉफी म्हणजे दवाखान्याची कॉफी."

"मग दवाखान्यातल्यासारखी पी."

त्याने कॉफीकडे पाठ फिरवली, पण प्यायला. मासे तळून झाल्यावर तिने भांड्याचं पाणी किनाऱ्यापासून दूर, झाडांत नेऊन ओतलं, उरलेले काटे पिशवीत बांधले. छोटं फावडं ताउनोच्या हातात देऊन ती म्हणाली, "तुझ्यासाठी. पाण्यापासून लांब खड्डा कर, आणि नीट बुजव." ताउनो फावडं घेऊन झाडांत गेला. तो परत येईपर्यंत ती शीळ घालत राहिली. शिळेच्या अंदाजाने तो सरळ आला.

दोन दिवसांनी परतताना आभाळ स्वच्छ होतं. तरी मोठ्या पाण्यात शिरण्याआधी हिल्काने होकायंत्र पाहिलं आणि पलीकडच्या चिंचोळ्या वाटेच्या बरंच उजवीकडे नाक धरलं. गावाकडे जायला ती वाट सापडायलाच हवी होती. ते अर्ध्यावर असताना धुकं आलं. आधी दूरची झाडं गेली, मग पाणी, मग होडीच्या नाकावर बसलेल्या ताउनोची टोपी तेवढी उरली.

"थांब," ताउनो म्हणाला.

"थांबून वाहत जाऊ. मार वल्हं."

होकायंत्राच्या काट्यावरून तिने नजर काढली नाही. ताउनो एका लयीत वल्हं मारत होता. तेवढं त्याचं कुठे गेलं नव्हतं. बऱ्याच वेळाने त्याने वल्हं उचललं आणि मान वाकडी केली. "खडकावर पाणी लागतंय. समोर. हळू."

हिल्काला काहीच ऐकू आलं नव्हतं. तिने होडी आडवी धरली, आणि थोड्याच वेळात पाण्याखालून सरकणारा काळा दगड तिला दिसला. त्यामागे बोरूचं उंच गवत, बोरूमागे किनारा.

"उजवीकडे," ताउनो म्हणाला.

"डावीकडे जायचंय."

"हिल्का, मी या पाण्यावर केस पिकवले. वाट उजवीकडे आहे. मला ती दिसतेय."

त्याचा आवाज जुना होता, बोटीवरचा. त्या आवाजामागे ती आयुष्यभर निर्धास्त वल्हवत गेली होती. तिचं मनगट क्षणभर ढिलं पडलं. आपण खरंच उजवीकडे नेम धरला होता की तसं करायचं नुसतं ठरवलं होतं? तिने अंगठ्याखाली बघितलं. मग नकाशा वळवून किनाऱ्याशी लावला.

"तुला उजवी बाजू दिसते म्हणून सगळं उजवीकडे आहे," ती म्हणाली. "मी मुद्दाम उजवीकडे आणलीय होडी. डावीकडे वळतेय. तू मार."

"आणि नाही सापडली तर?"

"तर दुसऱ्या सौनाच्या दारात जाऊ."

ताउनोने वल्हं मारलं नाही. गुडघ्यावर आडवं ठेवून बसला. हिल्काने एकटीने होडी वळवली, बोरूंना उजव्या हाताला ठेवून एकटीनेच ओढत राहिली. खांदे पेटले. बोरू सरले, खडक आला, परत बोरू. मग उजव्या हाताचा किनारा अचानक आत वळला, आणि धुक्यातून लाल खांब वर आला. चिंचोळ्या वाटेच्या तोंडाशी बोटींसाठी रोवलेला.

ताउनो त्या खांबाकडे बघत होता. याच खांबाजवळून त्याने तराफे नेले होते. त्याने हात लांब करून तो चाचपला, आणि वल्हं पाण्यात घातलं.

तरीच्या धक्क्यावर पेंत्ती दोर गुंडाळत बसला होता. "ताउनो, असल्या धुक्यातून कसा आलास रे?"

"पुढे बसून," ताउनो म्हणाला. "कॉफी आहे का? खरी?"

पेंत्तीने थर्मास काढला. हिल्का अजून होडीतच होती; बोटं वल्ह्यावरून सुटत नव्हती. ताउनोने आपला कप भरून घेतला, वाकून तिच्या हातात दिला आणि तिच्या बोटांभोवती आपली बोटं दाबून धरली, कप पडू नये म्हणून.

त्यानंतरची सगळी वर्षं ते तसेच गेले. हुकूम कमी झाले नाहीत. वसंतातल्या फेऱ्यांत पिल्लू सांभाळणाऱ्या सीलच्या मादीच्या जवळून होडी काढू नये म्हणून हिल्का लांबचा वळसा घ्यायची, तर तो म्हणायचा, सीललासुद्धा तुझ्यापेक्षा वाट माहीत आहे. पण कान तो द्यायचा. खडक, लाट, दूरची मोटरबोट, सगळं आधी त्याला कळायचं. रोन्याच्या वर्गात पुढे हिल्का उलटलेल्या होड्या धरायला शिकवू लागली. पोरं तिला घाबरायची.