पट्ट्यावरचा चहा

द्राक्षांच्या हंगामात दिंडोरीकडच्या एका पॅकहाऊसमध्ये मी पट्टे फिरवणाऱ्या मोटारींचे ड्राइव्ह, म्हणजे त्यांचा वेग सांभाळणारे डबे, बघायला जातो. बाहेर ऊन रणरणत असतं आणि आत गारव्यात हिरवे घड पट्ट्यावरून सावकाश पुढे जात असतात. थोडा वेळ बघत राहिलं की डोळे जड होतात. पट्टा जागच्या जागी आहे आणि भिंत, दिवे, टोप्या घातलेल्या बाया हेच कुठेतरी वाहत चाललंय, असं वाटायला लागतं. आपण कामाला आलोय हे मी चक्क विसरतो.

थांबलेल्या मोटारीने पूर्ण वेगाला किती सेकंदांत पोचायचं, हा आकडा ड्राइव्हमध्ये भरायचा असतो. थांबायला किती घ्यायचे, हा दुसरा. आम्ही त्याला रॅम्प म्हणतो. माझ्या उस्तादांची त्यासाठी एक पद्धत होती. काठोकाठ भरलेला चहाचा ग्लास पट्ट्यावर ठेवायचा आणि बटण दाबायचं. सांडला तर सेकंद वाढवायचे. "मीटर एकवेळ फसवील, चहा नाही फसवणार," असं ते म्हणायचे.

गेल्या हंगामात मालकाला घाई होती. खोकं भरलं की पट्टा थांबतो, दिवसातून शेकडो वेळा. दर वेळी निघायला आठ सेकंद कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी आठाचे दोन केले. तेवढ्यात चहा आला. दमलो होतो, ग्लास पट्ट्यावर ठेवायच्या ऐवजी पिऊन टाकला. पट्टा झपाट्याने निघाला, मालक खूश आणि मीही मोकळा.

आठवड्याने एका पंख्यासाठी पुन्हा गेलो. पट्ट्याच्या तोंडाशी घड मांडणारी पेठकडची मावशी भिंतीला टेकून उभी होती, हातमोजे काढलेले.

"मावशीचा हात जड झालाय," सुपरवायझर म्हणाला. "घड आपटते, मणी गळतात. उद्यापासून येऊ नको म्हटलंय."

"पंधरा वर्सं घड ठेवते मी, भाऊ," मावशी मला म्हणाली. "माझा हात नाय जड. पट्टाच लय हिसडा मारतो. पण माझं ऐकतो कोण?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर हातात पाना घेऊन समोर उभा!

मी चहा मागवला, ग्लास पट्ट्यावर ठेवला आणि बटण दाबलं. निम्मा चहा पट्ट्यावर. सुपरवायझर ओरडला, पट्टा धुऊन घ्यावा लागला. मी दोनाचे चार केले, मग सहा, मग पुन्हा आठ. थांबायचे सेकंदही वाढवले. मावशीला म्हटलं, आता ठेवा. तिने हातमोजे चढवले, घड मांडले. पट्टा कधी निघाला ते कुणाला कळलंच नाही. घड जणू झोपेत कूस बदलावी तसे पुढे गेले. एक मणी गळला नाही.

"उद्या ये," सुपरवायझर तिच्याकडे न बघता म्हणाला.

"सेटिंग हलली होती," मी म्हणालो. सेटिंग आपोआप हलत नाही. हे तिथे मला एकट्यालाच माहीत होतं. माझी मला लाज वाटली, पण ती मी गिळली.

यंदा गेलो तेव्हा मावशी पट्ट्याच्या तोंडाशीच होती. मला बघून स्वतः चहा घेऊन आली आणि नव्या पोरींना म्हणाली, "ह्या भावानं माझं काम राखलं बरं. नायतर मी तवाच घरी बसले असते."

पोरी माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांच्या मागे घड संथ वाहत होते. आता सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं.

आणि चहाचा घोट घेतला.