आबांची विहीर, वरून

चिपळूणहून पहाटे निघालो तेव्हा गाडीत आम्ही दोघं, शुभा आणि मी, आणि मागच्या सीटवर पट्टा लावून बसवलेला ड्रोन. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर जडलेला हा माझा छंद. "नातवाला कधी इतकं जपून बसवलं नव्हतंत," शुभा कुंभार्ली घाट चढतानाच म्हणाली.

बारामतीला लागून असलेल्या जळोचीत माझा जुना सहकारी शौकत राहतो. त्याच्या गच्चीवर मोबाइलमधला नकाशा उघडला, तर तिथे ड्रोनला मनाई. तेवढ्यात शिकाऊ वैमानिकाचं छोटं विमान घरघरत डोक्यावरून गेलं. मनाई कशासाठी ते कळलं. मी पेटी उघडलीच नाही. शौकतच्या बायकोनं केलेलं वांग्याचं भरीत आणि बाजरीची भाकरी खाऊन त्या दिवशी नुसतं आकाश पाहिलं.

दुसऱ्या दिवशी माळेगावच्या पुढे गेलो. नकाशावर इथे मोकळीक होती. फाल्गुनातलं ऊन, रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या आणि उघड्या माळावर भणाणता वारा. मी ड्रोन वाऱ्याच्याच दिशेनं सोडला. तो असा सुसाट गेला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. परत बोलावला तेव्हा घाम फुटला. पंखे किंचाळताहेत आणि हातातल्या पडद्यावर खालची बाभूळ जागची हलत नाही. बॅटरी मात्र भराभर उतरत होती.

"खाली घ्या ना," ड्रोनवरची नजर न काढता शुभा म्हणाली. "खाली वारा कमी असेल."

खाली घेतला तेव्हा कुठे तो सरकू लागला. तरी तो आमच्यापर्यंत पोचेना. रस्त्यावरची माणसं आणि बैलं टाळून मी तो एका नांगरलेल्या रानात उतरवला. ढेकळांत जाऊन बघतो तर उताणा पडलेला, एक पातं तुटलेलं. बैलगाडीवरच्या एका बाईंनी हसून विचारलं, "पाखरू दमलं व्हय?"

रसाच्या गुऱ्हाळावर बसून मी पातं बदललं. यापुढे आधी वाऱ्यावर चाल करून जायचं, म्हणजे परतीला तोच वारा मदत करेल, आणि अर्धी बॅटरी सरली की माघारी फिरायचं, असं शुभानं माझ्याकडून कबूल करून घेतलं.

दुपारी इंदापूरच्या बाजूला लासुर्ण्यात पोचलो. इथे शौकतची शेती. शेजारच्या घरासमोर बाजेवर ऐंशीच्या घरातले आबा बसले होते. त्यांनी पेटीकडे बोट दाखवलं.

"ह्यातनं माझी हीर दिसंल का?"

हीर म्हणजे विहीर. आबांनी आणि त्यांच्या भावानं तरुणपणी ती स्वतः खणली होती. वाट उसातून जाते. नुकतंच पाणी दिलं होतं, सगळीकडे राड (चिखल) झालेली. आबांचे गुडघे गेलेले. मुलगा दिलीप एकदा विहीर बुजवायचं बोलला होता, तेव्हापासून आबांना ती बुजवल्याचा संशय होता.

"आवो, न्हाय बुजवली. फोटो दावला की तुमाला," दिलीप काकुळतीला आला होता.

"फोटोतली हीर कुणाचीबी आसंल," आबा म्हणाले. "माझ्या दारातनं निघून तितं गेलेलं दिसाया पायजे."

मी उसाकडे पाहिलं. शेंडे आडवे होत होते. पाचट (उसाची वाळलेली पानं) अंगणात गरगरत होती. मी म्हणालो, "आबा, आज नको. वारा फार आहे. पहाटे पडेल, तेव्हा दाखवतो."

आबांचा चेहराच उतरला. "म्हंजे तुमीबी त्यातलंच. बुजवलीच हाय तर." ते भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

मला फार लागलं. पेटीचं झाकण उघडलंसुद्धा. पण अंगणात पोरंबाळं, कडेनं विजेच्या तारा. शुभानं नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि मी झाकण लावलं. त्या रात्री आबा जेवले नाहीत. शेजारी शौकतच्या शेतघरात मीही ताट बाजूला सारलं.

सकाळी फटफटलं तेव्हा उसाचं पानही हलत नव्हतं. तारांपासून लांब, मोकळ्या खळ्यात ड्रोन ठेवला, सगळ्यांना मागे केलं. दिलीपनं आबांना खुर्चीवर आणून बसवलं. पडदा मी त्यांच्यासमोर धरला. शुभाची नजर आकाशात.

आधी पडद्यावर अंगण आलं, मग गोठा, मग हिरवागार ऊस, त्यातून चमकणारी चारी (कालव्याचं पाणी आणणारा पाट). आबा पुटपुटत होते, "हां, ह्यो आपला बांध. ही डाळिंबं. आता डावीकडं."

आणि उसाच्या मधोमध गोल काळं पाणी दिसलं. कडेवर पिंपळ उगवलेला, फांद्यांना सुगरणीचे खोपे.

आबांनी पडद्याजवळ डोळे नेले. मग म्हणाले, "पिंपळ काढाय पायजे, दिलप्या. मुळ्या दगड फोडत्यात."

"काढतो की," दिलीप म्हणाला आणि पाठ फिरवून त्यानं डोळे पुसले.

ड्रोन माघारी आणला. खळ्याच्या कडेला पडद्यावर खुर्चीतला एक इवलासा पांढरा ठिपका दिसू लागला.

"ह्यो कोण म्हातारा?" आबांनी विचारलं.

"तुम्हीच."

त्यांनी हात वर केला. पडद्यावरच्या म्हाताऱ्यानंही क्षणभर उशिरा हात वर केला. आबा खुदकन हसले आणि मग हात हलवतच राहिले.

परतताना घाटात मी शुभाला म्हणालो, की इतक्या वर्षांच्या नोकरीत लोकांना "उद्या या" किती सहज सांगत होतो. उद्याची वाट बघत कोणी उपाशी झोपत असेल, हे कधी मनात आलं नव्हतं. पाटण मागे पडलं होतं. तिनं आबांनी दिलेल्या डाळिंबांतलं एक फोडलं आणि अर्धं माझ्या हातावर ठेवलं.