रूथची कोंबडी

आज चर्चमध्ये कापणीचा सण होता. वेदीपुढे केळीचे घड होते, कापसाची बोंडं होती आणि एका टोपलीत पाय बांधलेली कोंबडी होती. तिच्या पिसांचा उबट वास नाकात गेला आणि मला लहानपणचं धरणगाव आठवलं.

तशीच एक कोंबडी माझ्या धाकट्या बहिणीनं, रूथनं, पिल्लू असल्यापासून वाढवली होती. त्या वर्षी कापूस हाती लागला नाही, म्हणून आईनं अर्पणासाठी तीच उचलली.

"ती मनी शे, माय," रूथ म्हणाली. आमच्या बोलीत मनी म्हणजे माझी.

"आता देवनी शे," आई म्हणाली.

पाळकांनी भर उपासनेत आईच्या त्यागाचं कौतुक केलं, बायबलमधल्या गरीब विधवेच्या दानाची गोष्ट सांगितली. सगळ्यांनी आमेन म्हटलं. द्यावं लागलं ते रूथला, नाव झालं आईचं. दुपारी प्रीतिभोजनात अर्पणातल्या कोंबड्यांचा रस्सा होता. रूथ पंगतीत बसलीच नाही.

आई जाऊन बरीच वर्षं झाली, तरी मंडळीत तिच्या त्या अर्पणाची साक्ष अजून देतात. रूथ मात्र चर्चची पायरी चढत नाही. तिचा विश्वास कशानं गेला, असं लोक मला विचारतात. त्या दुपारी मी रस्सा दोनदा मागून घेतला होता.